कृत्य आणि घटना : कार्यसूचीतील कामे अंकीय दिनदर्शिकेत कशी उतरतात

कार्यसूची आणि दिनदर्शिका ही दोन साधने आज बहुतेक संशोधकांच्या भ्रमणध्वनीवर शेजारी शेजारी नांदत असतात. एकीत करावयाच्या कामांची यादी असते, दुसरीत दिवस व तास यांचा तक्ता असतो. या दोहोंची जुळवणी करणे, म्हणजे रूढ भाषेत त्या ‘सिंक’ करणे, ही क्रिया इतकी सोपी झाली आहे की तिच्यात काही अर्थविषयक प्रश्न गुंतलेला असेल अशी शंकाही सहसा येत नाही. यादीतील ओळ तक्त्यात दिसू लागली, एवढेच आपण पाहतो. परंतु ती ओळ कोणत्या दिवशी दिसते, किती जागा व्यापते आणि तो दिवस मावळल्यावर तिचे काय होते, या तीन गोष्टी निरनिराळ्या व्यवस्थांत निरनिराळ्या प्रकारे ठरविलेल्या आहेत. हा फरक केवळ यांत्रिक नाही. ‘करावयाचे आहे’ आणि ‘होणार आहे’ या दोन प्रकारच्या विधानांतील व्याकरणिक भेदाशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एक उदाहरण

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. पनवेल तालुक्यातील गव्हाण हे खाडीलगतचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांची जमीन अधिसूचित झाली आणि या पट्ट्यातील भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर उभे असलेले जीवन झपाट्याने बदलू लागले. जीवन बदलले की त्याचा शब्दसंग्रहही विरळ होत जातो. तेव्हा तेथील आगरी व कोळी बोलींतील खाडीविषयक शब्द वेळीच नोंदवून ठेवावेत, असे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ठरविले, असे समजू. त्याच्या कार्यसूचीत पुढील चार ओळी आहेत :

(अ) प्रश्नावली सुधारावयाची.
(आ) गव्हाण येथे ध्वनिमुद्रण करावयाचे, १२ तारखेस.
(इ) मुद्रणाचे लिप्यंतर पुरे करावयाचे, ३० तारखेपर्यंत.
(ई) दर रविवारी मुद्रणांची दुसरी प्रत काढून ठेवावयाची.

चारही ओळी एकाच यादीत एकाच ठशाच्या दिसतात. परंतु दिनदर्शिकेशी त्यांची जुळवणी करताच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पहिलीला तारीख नसल्यामुळे बहुतेक व्यवस्थांत ती तक्त्यावर उमटतच नाही. दुसरी १२ तारखेच्या घरात बसते. तिसरी ३० तारखेच्या घरात, आणि केवळ त्याच घरात, दिसते. चौथी प्रत्येक रविवारी दिसते किंवा फक्त येत्या रविवारी, हे व्यवस्थेवर अवलंबून राहते. म्हणजे जुळवणी ही नक्कल नसून एक प्रकारचे भाषांतर आहे. आणि प्रत्येक भाषांतराप्रमाणे येथेही काही टिकते, काही गळते, काही नव्याने येऊन मिसळते.

२. दोन प्रकारची विधाने

मराठीत ‘परीक्षा सोमवारी आहे’ आणि ‘प्रबंध सोमवारी द्यावयाचा आहे’ ही दोन वाक्ये वरवर पाहता समान रचनेची वाटतात. दोहोंत ‘सोमवारी’ हे कालवाचक पद आहे, दोहोंत ‘आहे’ हे क्रियापद आहे. परंतु सोमवार उलटून गेल्यावर काय म्हणता येते, ही कसोटी लाविली म्हणजे त्यांतील अंतर उघड होते. पहिल्याविषयी, काही विपरीत घडल्याचे कानी आले नसेल तर, ‘परीक्षा झाली’ असे आपण निःशंकपणे म्हणतो. दुसऱ्याविषयी ‘प्रबंध दिला’ असे म्हणण्यास सोमवार उलटणे पुरेसे होत नाही. तेथे कोणी तरी प्रत्यक्ष कृती केलेली असावी लागते. ती झाली नसेल तर आपण म्हणतो, ‘प्रबंध द्यावयाचा राहिला’.

‘राहणे’ या क्रियापदाचा हा उपयोग अर्थपूर्ण आहे. काळ पुढे गेला तरी काम मागे पडत नाही. ते आपल्या जागी, म्हणजे कर्त्याच्या माथ्यावर, राहते. ‘माझी परीक्षा राहिली’ असे जेव्हा एखादा विद्यार्थी म्हणतो तेव्हाही तो परीक्षेकडे घटना म्हणून पाहत नसतो, तर स्वतःने पार पाडावयाचे कृत्य म्हणून पाहत असतो. परीक्षा ठरल्या दिवशी होऊन गेलेली असते. राहिलेली असते ती त्याची.

घटना काळाबरोबर सरते. कृत्य केल्यावाचून सरत नाही. संस्कृत वैयाकरणांनी ‘तव्य’, ‘अनीय’ इत्यादी प्रत्ययांना ‘कृत्य’ हीच संज्ञा दिलेली आहे. ‘कर्तव्य’, ‘करणीय’ हे शब्द त्याच प्रत्ययांनी सिद्ध होतात. मराठीतील ‘-आवयाचा’, बोलण्यातील ‘-आयचा’, हे रूप आज तेच काम करते. कार्यसूचीतील प्रत्येक ओळ, तीत क्रियापद लिहिलेले असो वा नसो, या रूपाने संपणारी आहे असे समजून वाचावी लागते. दिनदर्शिकेतील ओळ मात्र ‘आहे’ किंवा ‘होणार आहे’ या पदांनी पुरी होते. जुळवणीच्या वेळी ओळीचा हा न लिहिलेला शेवटच बदलतो, आणि तो लिहिलेला नसल्यामुळेच बदल लक्षात येत नाही.

३. प्रमाणकातील तरतूद

हा भेद संगणकशास्त्रज्ञांच्या ध्यानात आलेला नव्हता, असे मात्र नाही. निरनिराळ्या दिनदर्शिकांनी परस्परांशी माहितीची देवघेव करावी म्हणून ‘आयकॅलेंडर’ नावाचे प्रमाणक १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्याची सुधारलेली आवृत्ती २००९ साली ‘आर. एफ. सी. ५५४५’ या क्रमांकाने निघाली. या प्रमाणकात घटनेसाठी ‘व्ही-इव्हेंट’ आणि कृत्यासाठी ‘व्ही-टूडू’ असे दोन स्वतंत्र घटक ठेविलेले आहेत.

घटनेला आरंभ असतो आणि शेवट किंवा कालावधी असतो. तिची स्थिती ‘संभाव्य’, ‘निश्चित’ किंवा ‘रद्द’ यांपैकी एक असू शकते. ‘पार पडली’ अशी स्थिती प्रमाणकात नाही, कारण तिची गरजच मानलेली नाही. कृत्याला आरंभ असलाच पाहिजे असे नाही. त्याला ‘मुदत’ असू शकते, शेकडा किती काम झाले याचा आकडा असू शकतो, पूर्ण झाल्याचा क्षण नोंदविता येतो, आणि त्याची स्थिती ‘करणे आहे’, ‘चालू आहे’, ‘पूर्ण झाले’ किंवा ‘रद्द’ अशी असते. शिवाय, घटनेने व्यापलेला वेळ इतरांस ‘व्यग्र’ म्हणून दाखवावा की नाही हे सांगणारा गुणधर्म फक्त घटनेला दिलेला आहे. कृत्याला तो नाही. कृत्य वेळेवर हक्क सांगत नाही, कर्त्यावर सांगते.

सर्वांत उद्बोधक तरतूद बिनतारखेच्या कृत्याविषयी आहे. ज्या कृत्याला आरंभही नाही आणि मुदतही नाही, ते पूर्ण होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येक दिवसाशी निगडित समजावे, असे प्रमाणक सांगते. म्हणजे आपल्या उदाहरणातील (अ) ही ओळ तक्त्यावरून नाहीशी व्हावी असा मूळ संकेत नव्हता. ती रोज दिसावी असा होता. ‘राहिले’ या मराठी क्रियापदाचा अर्थ येथे नियमाच्या भाषेत उतरलेला आहे.

प्रचारात मात्र हा घटक उपेक्षित राहिला. गूगल कॅलेंडरसारख्या बहुप्रचलित व्यवस्था बाहेरून आलेल्या धारिकेतील घटना स्वीकारतात आणि कृत्ये सोडून देतात. त्यामुळे कार्यसूचीच्या निर्मात्यांपुढे एकच मार्ग उरतो : कृत्याला घटनेचा वेष चढवून पाठविणे. येथून अर्थांतरास प्रारंभ होतो.

४. मांडणीच्या तीन रीती

आजच्या व्यवस्था पाहता कृत्ये दिनदर्शिकेत दाखविण्याच्या तीन रीती आढळतात.

पहिली रीत पृथक् पट्टीची. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या कार्यक्रमात तक्त्याच्या खाली दिवसनिहाय कामांची वेगळी पट्टी दाखविण्याची सोय दीर्घकाळ आहे. तीत कामे आरंभाच्या तारखेने लावावीत की मुदतीच्या, हे वापरणारा ठरवितो. अपुरे काम पुढील दिवसाकडे सरकते आणि पुरे झालेले काम ज्या दिवशी पुरे झाले त्या दिवशी राहते. येथे कृत्य आणि घटना यांची सरमिसळ होत नाही.

दुसरी रीत एकाच तक्त्यात पण वेगळ्या खुणेने दाखविण्याची. गूगलच्या कार्यसूचीतील कामे त्याच संस्थेच्या दिनदर्शिकेत अशी दिसतात. ॲपलच्या स्मरणिका दिनदर्शिकेत दाखविण्याची सोय २०२४ सालच्या आवृत्तीपासून झाली. ज्या कामाला केवळ तारीख आहे ते दिवसाच्या माथ्यावरील पट्टीत जाते. ज्याला वेळही आहे ते तासांच्या रकान्यात उतरते. शेजारी पुरे झाल्याची खूण करण्यास जागा असते. तारीख उलटलेली अपुरी कामे गूगलची दिनदर्शिका आजच्या दिवसाखाली एकत्र करून दाखविते. दुसऱ्यास आपली दिनदर्शिका पाहण्याची मुभा दिली तरी ही कामे त्याला दिसत नाहीत. ती कर्त्याची खाजगी राहतात.

तिसरी रीत रूपांतराची. कार्यसूची एका संस्थेची आणि दिनदर्शिका दुसरीची असली म्हणजे बहुधा हीच अवलंबावी लागते. येथे कृत्याची घटना होते; पुरे झाल्याची खूण करण्याची जागा नाहीशी होते, अपुरे काम पुढे सरकत नाही, आणि जुळवणी एकतर्फी असेल तर दिनदर्शिकेत केलेला बदल यादीपर्यंत पोहोचत नाही. १२ तारीख उलटली की ‘गव्हाण येथे ध्वनिमुद्रण’ ही ओळ मागील पानावर जाऊन बसते, ध्वनिमुद्रण झालेले असो वा नसो.

यातील धोका लहान नाही. महिन्याअखेरीस क्षेत्रकार्याचा अहवाल लिहिताना अनेक जण दिनदर्शिकेची मागील पाने चाळतात. तेथे दिसणारी ओळ ‘झाले’ असे वाचली जाते; कारण मागील तारखेच्या घटनेचे स्वाभाविक वाचन तेच आहे. वस्तुतः ती ओळ ‘करावयाचे होते’ एवढेच सांगत असते. बोलीच्या नोंदीत कोणत्या निवेदकाकडून, कोणत्या दिवशी, कोणत्या परिस्थितीत शब्द मिळाला याला पुराव्याचे मोल असते. तेथे संकल्पाची तारीख प्रत्यक्षाची तारीख म्हणून शिरली, तर पुढील अभ्यासकास ती चूक शोधून काढण्याचे साधन उरत नाही.

५. मुदत, ‘पर्यंत’ आणि कामाची लांबी

आता (इ) या ओळीकडे वळू. हान्स रायखेनबाख याने १९४७ साली काळाच्या विवेचनात तीन बिंदू वेगळे केले : उच्चाराचा क्षण, घटनेचा क्षण आणि संदर्भाचा क्षण. ‘३० तारखेपर्यंत लिप्यंतर झालेले असेल’ या वाक्यात ३० तारीख हा संदर्भबिंदू आहे. लिप्यंतर त्याच्या अगोदर केव्हा तरी झालेले असावयाचे आहे. मुदत ही नेहमी संदर्भबिंदू असते. परंतु तक्त्यातील चौकोनाला संदर्भबिंदू दाखविता येत नाही. त्यात जे काही ठेवावे ते तेथेच घडणारे म्हणून वाचले जाते. परिणामी सुमारे अडीच आठवड्यांचे लिप्यंतर ३० तारखेच्या माथ्यावर एका अरुंद पट्टीने दिसते, आणि १३ ते २९ या तारखा रिकाम्या भासतात. काम जेथे करावयाचे तेथे शून्य आणि जेथे संपलेले असावयाचे तेथे खूण, असा हा उलटा प्रकार आहे.

‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्ययही येथे अडचण निर्माण करते. ‘३० तारखेपर्यंत’ म्हटले असता मराठी वाचक बहुधा ३० तारीख धरून मोजतो. ती वगळावयाची असेल तर ‘३० च्या आत’ असे म्हणण्याकडे कल असतो, पण तोही सर्वत्र पाळला जात नाही. आयकॅलेंडरमध्ये घटनेचा शेवट म्हणून दिलेली तारीख घटनेत धरली जात नाही. ३० तारखेचा पूर्ण दिवस सांगावयाचा तर शेवट ३१ लिहावा लागतो. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाने हा संकेत नीट सांभाळला नाही तर एक दिवस वाढतो किंवा घटतो. त्यात कालविभागाची भर पडते. भारतीय मध्यरात्र ही जागतिक प्रमाणवेळेनुसार आदल्या दिवसाची सायंकाळचे साडेसहा असते. केवळ तारीख असलेल्या कामाला कोणी मध्यरात्रीची वेळ चिकटविली आणि ती जागतिक वेळेत साठविली, तर परत वाचताना ३० ची २९ होऊ शकते.

कामाच्या लांबीचाही प्रश्न आहे. झीनो व्हेंडलर याने १९५७ साली क्रियापदांचे अवस्था, क्रियाव्यापार, सिद्धी आणि प्राप्ती असे चार वर्ग सुचविले. ‘लिप्यंतर पुरे करणे’ ही सिद्धी आहे. तिला लांबी आहे आणि शेवटही आहे. ‘पत्र धाडणे’ ही प्राप्ती आहे. तिला शेवट आहे, लांबी जवळजवळ नाही. कार्यसूचीला या भेदाची आवश्यकता नसते. तासांच्या रकान्यात मात्र प्रत्येक ओळीला काही ना काही उंची द्यावीच लागते, आणि ती सांगितलेली नसेल तर व्यवस्था आपल्या मनाने, सामान्यतः अर्ध्या तासाची, देते. हा अर्धा तास कोणी मोजलेला नसतो. तो जुळवणीने नव्याने घातलेला अर्थ आहे.

६. पंचांगाची शिस्त

एखादी गोष्ट एका मापनातून दुसऱ्या मापनात उतरविताना ती कोणत्या दिवशी मांडावी, हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. तिथी सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालत नाही. तिची लांबी सुमारे १९ ते २६ तासांच्या दरम्यान बदलते. एखादी तिथी दोन सूर्योदयांना असते, एखादी एकाही सूर्योदयास सापडत नाही. त्यांस अनुक्रमे वृद्धी आणि क्षय म्हणतात. अशा तिथीवर अवलंबून असलेले व्रत कोणत्या दिवशी करावे, यासाठी धर्मशास्त्राने प्रत्येक व्रताला वेगळा नियम दिला. सामान्य व्यवहारात सूर्योदयाची तिथी त्या दिवसाची मानावी. संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी पाहावी. भाद्रपदातील गणेशचतुर्थीला मध्याह्नाची. महाशिवरात्रीला मध्यरात्रीच्या निशीथकाळाची. १९७३ साली जयंतराव साळगावकर यांनी सुरू केलेल्या दिनदर्शिकेच्या नावातच ‘निर्णय’ हा शब्द आहे, तो या अर्थाने यथार्थ होय.

या परंपरेचे वैशिष्ट्य असे की मांडणीचा नियम तेथे उघड सांगितलेला असतो. दोन पंचांगांत मतभेद झाला तरी तो कोणत्या नियमामुळे किंवा कोणत्या गणितामुळे, हे शोधता येते. आजच्या व्यवस्थांतही नियम आहेतच. परंतु ते मांडणीत लपलेले आहेत.

गव्हाणच्या उदाहरणात हा विचार केवळ उपमेपुरता नाही. खाडीकाठचे लोक ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या गोळा करतात. तेव्हा निवेदकाशी निवांत बोलावयाचे तर भरतीची वेळ गाठली पाहिजे. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, असा एक स्थूल आडाखा मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे : अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस बाराच्या सुमारास. म्हणून (आ) या ओळीतील खरी अट ‘१२ तारीख’ ही नसून ‘त्या दिवशीच्या भरतीची वेळ’ ही आहे. हे काम एक आठवडा पुढे ढकलून तोच तास कायम ठेविला, तर विद्यार्थी ऐन ओहोटीस गावात पोहोचेल. आवर्तनाचे नियम इतर कालगणनांत लिहिता यावेत म्हणून २०१५ साली ‘आर. एफ. सी. ७५२९’ हे पूरक प्रमाणक निघाले. परंतु ते ज्या कालगणनांच्या यादीचा आधार घेते तीतील भारतीय गणना म्हणजे २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका होय. तीत तिथी नाहीत. तेव्हा भरतीची अट कामाच्या मजकुरातच शब्दांनी लिहून ठेवणे भाग आहे.

(ई) या ओळीविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की आवर्ती कृत्ये दोन जातींची असतात. ‘दर रविवारी प्रत काढणे’ हे ठराविक काळी येते; ‘मागील प्रत काढल्यापासून सात दिवसांनी प्रत काढणे’ हे मागील कृत्य पुरे झाल्यावरच येते. पहिल्याची पुढील सर्व घरे तक्त्यावर आधी भरता येतात. दुसऱ्याचे फक्त एकच घर कोणत्याही वेळी ज्ञात असते. कार्यसूची एखाद्या रविवारीच दिसत असेल तर तो नेहमीच बिघाड समजू नये. व्यवस्थेने ओळ दुसऱ्या जातीची मानली असण्याचा संभव असतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून व्यवहारापुरते काही नियम काढता येतात. जुळवणी करण्यापूर्वी आपल्या व्यवस्थेला तीन प्रश्न विचारावेत : ती काम आरंभाच्या दिवशी मांडते की मुदतीच्या; त्यास किती लांबी देते; आणि दिवस उलटल्यावर अपुरे काम पुढे आणते की मागे सोडते. एखादे लटके काम आजच्या तारखेस घालून दुसऱ्या दिवशी ते कोठे दिसते हे पाहिले असता तिसऱ्याचे उत्तर मिळते. दीर्घ कामासाठी मुदतीची ओळ आणि बसण्याच्या वेळांच्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात. पहिली कृत्य म्हणून, दुसऱ्या घटना म्हणून. ओळीत क्रियापद पूर्ण लिहावे. ‘ध्वनिमुद्रण’ ही ओळ मागील पानावर गेल्यावर दोन्ही प्रकारे वाचता येते; ‘ध्वनिमुद्रण करावयाचे’ ही ओळ कोठेही गेली तरी आपली साक्ष बदलत नाही. आणि काय प्रत्यक्ष झाले याची नोंद दिनदर्शिकेवर न सोपविता क्षेत्रकार्याच्या वहीत त्याच दिवशी करावी.

भाषेच्या अभ्यासकास या विषयात आणखी एका कारणाने रस वाटावा. विध्यर्थ आणि भविष्य यांतील सीमा अनेक भाषांत पुसट होत गेल्याचे आपण पाहतो. ‘मी उद्या येणार’ हे वचन आहे की वर्तमानातील योजना, हे संदर्भावाचून ठरत नाही. ही सीमा ज्या ठिकाणी पुसली जाते तेथे बोलणारा आपल्या स्वराने, शब्दयोजनेने ती पुन्हा आखू शकतो. तक्त्यातील चौकोनाला स्वर नसतो. तेथे ती आखण्याचे काम लिहिणाऱ्यालाच करावे लागते, आणि ‘-आवयाचे’ हे एक रूप त्यासाठी पुरेसे आहे.